भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद: उरलेला वाटा कुणाचा आणि तोटा कुणाचा?

भरतीओहोटी (मालवण)

मुंबई-गोवा महामार्गाच्या धाग्यावर परवा एकाच खड्ड्याची दोन निदानं झाली. एक म्हणाले, सरकारी काम म्हटलं की असंच, ही समाजवादाची फळं. दुसरे म्हणाले, ठेकेदाराला नफा हवा, ही भांडवलशाहीची फळं. दोघांनाही भरपूर अंगठे मिळाले, खड्डा जिथल्या तिथे. तिकडे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

या तीन शब्दांवरून आपण भांडतो ते स्वभाव ठरवल्यासारखं: हा हावरट, तो दयाळू, तिसरा हिंसक. त्यातून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा विचारावं की साधन कुणाचं, काय पिकवायचं-बनवायचं ते कोण ठरवतं, सगळ्यांचं देणं भागवून उरतं ते कुणाच्या पदरात पडतं, आणि बुडालं तर कोण बुडतं. माझ्या मते शेवटचे दोन प्रश्न पहिल्या दोनांपेक्षा जास्त सांगून जातात.

भांडवलशाहीत होडी, जाळं, बर्फाचा कारखाना ज्याचा त्याचा. वरून कुणी हुकूम देत नाही. बांगड्याचा भाव चढला की दहा होड्या बांगड्यामागे जातात. मजुरी, डिझेल, व्याज चुकतं करून उरेल ते मालकाचं, आणि बुडालं तर मालकच बुडतो. निदान तत्त्व तसं आहे.

समाजवादात मोठी साधनं समाजाच्या मालकीची: सरकारची, नगरपालिकेची किंवा सहकारी संस्थेची. घर, सायकल, ताटातला मासा तुमचाच. मोबदला कामाप्रमाणे. ‘समाजवादात सगळ्यांना सारखा पगार’ हे सर्रास ऐकू येतं. ते तत्त्वातही नाही आणि सोव्हिएत रशियात प्रत्यक्षातही नव्हतं. १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेत चक्क लिहिलेलं होतं की प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे घ्यायचं आणि प्रत्येकाला कामाप्रमाणे द्यायचं. काम न करणाऱ्याने खायचं नाही, हेही त्याच कलमात.

साम्यवाद हा त्याच्या पुढचा टप्पा. मार्क्सने १८७५ मध्ये जर्मन पक्षाच्या कार्यक्रमावर टीका करताना हे दोन टप्पे वेगळे केले. आधी कामाप्रमाणे, मग उत्पादन इतकं वाढलं की टंचाईच उरली नाही, की गरजेप्रमाणे. तिथे वर्ग नाहीत आणि शेवटी राज्यसंस्थाही नाही. सोव्हिएत संघाने आपण तिथे पोचलो असं कधी म्हटलं नाही. १९६१ मध्ये ख्रुश्चेव्हच्या काळात पक्षाने १९८० पर्यंत पोचू असं आश्वासन मात्र दिलं होतं. १९८० साली मॉस्कोत ऑलिंपिक झालं.

आता आमची रापण. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून परत किनाऱ्याला लागते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात आणि दोन रांगा ओढायला लागतात. जाळं संघाचं. मासळी विकली की आधी खर्च वजा, मग जाळ्याचे आणि होडीचे वाटे बाजूला, बाकीचे वाटे ओढणाऱ्यांत. साठीचा माणूस आणि वीस वर्षांचा पोरगा एकाच दोरावर असले तरी वाटा सारखा. दोराला हात लावलेल्या पोराटोरांनाही मूठभर मासळी. गावागणिक हिशेब थोडा बदलत असेल, गाभा हाच.

याला काय नाव द्याल? साधन सामाईक, म्हणजे समाजवाद. वाटप साम्यवादाकडे झुकलेलं. आणि मासळी लिलावात जाते, तिथे उघडा बाजार. कामचुकाराचं काय, असं विचाराल तर तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. एकाने अंग काढलं तर दोराचा ताण पुढच्या-मागच्याच्या हाताला कळतो. म्हणून रापणीवर मुकादम लागत नाही. हीच व्यवस्था लाखो अनोळखी माणसांना लावायची म्हटली की दोरावरचा शेजारी जातो, त्याच्या जागी कागदावरचा आकडा येतो, आणि आकड्याला फसवता येतं. माझ्या मते खरा झगडा इथे आहे. बोला.

हिशेबनीस (रत्नागिरी)

चांगला धागा. नौकामालकांचे हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली, तेव्हा तुमच्या रापणीला ट्रॉलरची जोड देतो.

मालक मिरकरवाडा बंदरात बसलेला, जाळं खोल पाण्यात. खलाशी झोपलाय की राबतोय हे मालकाला दिसणार कसं? म्हणून जुनी पद्धत पगाराची नसून वाट्याची. डिझेल, बर्फ, राशन वजा करायचं आणि उरलेल्याचे भाग पाडायचे. मासळी जास्त तर वाटा जास्त, देखरेखीची गरजच नाही. पुस्तकात वाचायला छान. प्रत्यक्षात डिझेल किती जळलं ते मालक सांगतो आणि वाटेत दुसऱ्या नौकेला मासळी विकली का ते फक्त तांडेलाला (नौका चालवणाऱ्या म्होरक्याला) माहीत. माझ्या वह्यांत सगळ्यात जास्त खाडाखोड डिझेलच्या रकान्यात असते.

आता नेपाळहून येणारे बरेचसे खलाशी महिन्याचा पगार मागतात, टक्केवारी तांडेलापुरती. ‘पगार झाला की माणूस ढिला पडतो’ असं मालक कुरकुरतात. पडत असेलही. पण त्या माणसाला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे असतात. यंदा बांगडा आला नाही हे तिकडच्या वाण्याला सांगून काय होणार? गाठीला पैसा असलेल्याने जोखीम घ्यावी हे भांडवलशाहीचं स्वतःचंच तत्त्व आहे. ती जोखीम उपाशी माणसाच्या गळ्यात घालून तिला प्रोत्साहन म्हणायचं, हे मला पटत नाही.

पण लाल गल्लीतल्या मित्रांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे प्राप्तिकराचा सगळ्यात वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्या वरच्या पायरीवर शंभर मिळवले की हातात सव्वादोन रुपये. त्या शंभरासाठी कोण रात्र जागवेल? लोकांनी रात्री जागवल्या, पण उत्पन्न लपवायला.

बांगडाफ्राय

रापणीत दोर ओढणाऱ्याक वाटो, आणि वाळूत बसान तत्त्वज्ञान सांगणाऱ्याक नुसतो वास. चालू देत.

कुळाचा_नातू (अलिबाग)

समाजवादाचे तोटे मोजायच्या आधी इथे काय होतं ते बघा. खोताची जमीन कूळ कसायचं. कुळाने खाचर नीट केलं, चार ढेकळं फोडून भात वाढवलं, की वाढलेल्यातही खोताचा हिस्सा. उद्या दुसऱ्याला जमीन दिली तर केलेली सगळी मेहनत दुसऱ्याच्या पानात. कोण कशाला बांध घालील? मालकी खासगी होती, बाजार होता, आणि तरी मेहनत करणाऱ्याला मेहनत वाढवण्याचं कारण नव्हतं.

आमच्या इथल्या चरी गावचा संप याच गोष्टीवरून झाला. १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली, पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाकारल्या. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून माणसं जगली, पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. कायदा झाला १९४९ मध्ये. कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळं मालक झाली.

गंमत बघा. आमच्याकडे हे सगळं लाल झेंड्याखाली मागितलं गेलं, शेकापची पाळंमुळं त्यातच आहेत. आणि मागणी काय होती? सातबारावर स्वतःचं नाव. म्हणजे खासगी मालकी! रशियात १९२९ नंतर जमीन शेतकऱ्याकडून काढून सामूहिक केली, इथे खोताकडून काढून शेतकऱ्याच्या नावावर केली. दोन्हींना डावं म्हणतात, प्रोत्साहनाच्या दृष्टीने दोन टोकं.

आणखी एक खारेपाटातली गोष्ट. समुद्राचं पाणी अडवणारा बाहेरकाठा पूर्वी जोळाने राखायचे. ज्याची जमीन आत, त्याच्या घरचा माणूस बांधावर. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, तर अख्खं गाव चिखलाची ढेपं घेऊन धावायचं, कारण सकाळी खारं पाणी आपल्याच भातात उभं असणार हे प्रत्येकाला ठाऊक. पुढे १९४८ चा आणि मग १९७९ चा खारजमीन कायदा आला, बांध सरकारी योजनेत गेले. हेतू वाईट नव्हता. मोठी खांड गावाच्या हाताबाहेरची असते. पण आता खांड पडली की अर्ज, अंदाजपत्रक, निविदा. पाणी एका उधाणात आत येतं आणि मीठ धुवून निघायला पुढचे पावसाळे जातात. ज्या साहेबाच्या सहीसाठी थांबायचं, त्याचं एक गुंठाही आत नाही.

लाल_डबा (चिपळूण)

माझ्या नावावरून हिशेबनीसांनी गल्ली ओळखलीच आहे. ठीक.

तुम्ही सगळे प्रोत्साहन म्हणजे पैसा असं धरून चालला आहात. उधाणाच्या रात्री बांधावर गेलेला माणूस फक्त स्वतःच्या भातासाठी गेला असेल, हे मला खरं वाटत नाही. न जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवायचं होतं, ते कुठल्या खात्यात धरता?

एसटीचं घ्या. घाटाच्या वरच्या वाडीवर मुक्कामाची गाडी जाते, सकाळी दोन म्हाताऱ्या, एक दूधवाला आणि शाळेची पोरं घेऊन खाली येते. नफ्यावर चालणारा माणूस ती फेरी पहिल्या महिन्यात बंद करील, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबरही असेल. तोच माणूस गणपतीत मुंबईहून यायचे किती घेतो ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. शेवटी २०१८ मध्ये सरकारला खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीपुरतं बांधावं लागलं. (पाळतात का, हा वेगळा धागा.)

आणि ज्या आंबा-काजूवर आज सगळे बागायतदार म्हणून मिरवतात, त्या कातळावरच्या कलमांचे खड्डे कुणाच्या पैशाने मारले? १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड आली. खड्डा, कलम, खत, मजुरी सरकारी, झाडं जगली तर पुढच्या वर्षाचा हप्ता, बाग शेतकऱ्याची. पैसा समाजाचा, मालकी खासगी, आणि हप्ता झाड जगण्याशी बांधलेला. प्रोत्साहनाची अक्कल फक्त बाजाराकडे असते असं मानणाऱ्यांनी यावर लिहावं.

एसटी तोट्यात आहे म्हणता. त्या वाडीतली पोरगी त्या गाडीने जाऊन दहावी झाली, तो नफा कुठल्या रकान्यात लिहायचा, हिशेबनीस?

हिशेबनीस

अनुदानाच्या रकान्यात. फेरीवार, उघड, या वाडीसाठी इतके. मी एका पैशाची हरकत घेणार नाही. पण तो सगळा खर्च महामंडळाच्या एकूण तोट्यात मिसळून टाकला की पोरगी कुठली, फुकट गेलेलं डिझेल कुठलं आणि खाल्लेली खरेदी कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही. मग पोरीच्या नावावर सगळंच खपतं.

बाकी फळबाग योजनेचा मुद्दा बिनतोड. मान्य.

भरतीओहोटी

लाल_डबा, गावात तोंड दाखवायची लाज हे माझ्या दोरावरच्या शेजाऱ्याचंच दुसरं रूप. ते ताकदवान आहेच, पण चेहरे ओळखीचे असतात तोवरच. चेहरे गेले आणि आकडा राहिला की काय होतं, ते समुद्रातल्याच उदाहरणाने सांगतो, कारण इथे बहुतेकांना मासेमारी कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने अंटार्क्टिककडे देवमाशांच्या शिकारीची मोठमोठी जहाजं पाठवली. खासगी मालक नाही, भागधारक नाही, नफा नाही. योजना होती: यंदा इतकं उत्पादन. लक्ष्य ओलांडलं की बक्षिसाची रक्कम, आणि यंदा ओलांडलेला आकडा पुढच्या वर्षीच्या लक्ष्याचा पाया. रशियात देवमाशाच्या मांसाला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. पुष्कळदा कामाचा थोडा भाग काढून बाकीचं धूड वाया जायचं. तरी १९५९ ते १९६१ या दोनच हंगामांत त्यांनी सुमारे २५,००० कुबड असलेले देवमासे मारले. देवमाशांच्या शिकारीवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाला खोटे आकडे जात राहिले: दक्षिण गोलार्धात या जातीचे सगळ्या वर्षांचे मिळून २,७१० दाखवले होते, खरे निघाले ४८,००० च्या वर. जहाजांवरच्या शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेल्या नोंदी सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९३ पासून बाहेर आल्या तेव्हा हे कळलं.

हावरट मालक कुठे होता इथे? कुणाच्याच खिशात मोठी रक्कम गेली नाही. आकडा भरायचा होता, आणि देवमासे संपल्याचा तोटा आकडा भरणाऱ्यांपैकी कुणालाच सोसायचा नव्हता.

याच्या उलट, तिथल्याच सामूहिक शेतांवरच्या कुटुंबांना घरामागे एक लहान तुकडा स्वतःसाठी दिलेला असे. पेरणीखालच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के, पण शेतीच्या एकूण उत्पादनातला पाव हिस्सा त्या तुकड्यांतून यायचा. बटाटे, अंडी, दूध, भाजी. (मोठ्या शेतातला चारा आणि वेळ तिकडे वळायचा, हेही त्यात आलं. बाजाराच्या अनुयायांनी ते सोयीस्कर विसरू नये.) चीनमध्ये आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात १९७८ साली १८ शेतकऱ्यांनी गुपचूप कागदावर अंगठे उठवले: सरकारचा हिस्सा भरायचा आणि उरेल ते ज्याचं त्याने ठेवायचं. पकडले गेले तर एकमेकांची मुलं सांभाळायची, हेही त्यात होतं. जमीन कुणाच्या नावावर झाली नाही, आजही चीनमध्ये होत नाही. बदललं ते एवढंच की उरलेलं घरात राहू लागलं.

सुकटबाजार (हर्णै)

देवमाशांचं वाचून अंगावर काटा आला, पण दादा, तेवढ्यासाठी रशियाला जायला नको. आमच्या बंदरावर संध्याकाळी या.

लिलावाला बोली लागते तेव्हा मी टोपली घेऊन उभी असते, त्यामुळे बाजार काय ते मला शिकवू नका. भाव दोन मिनिटांत ठरतो, तिथे सरकारी माणूस हवा असं माझं बिलकुल म्हणणं नाही. पण मासळी येते कुठून ते बघा. पर्ससीनवाल्याने (थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) अख्खा थवा उचलला तर लहान होडीवाल्याला उरत काही नाही. त्याने आज सोडला तर उद्या तो थवा त्यालाच मिळेल याची खात्री नाही, दुसरा उचलणारच. मग तो का सोडील? इथे होडी खासगी, जाळं खासगी आणि दर्या कुणाचाच नाही. ज्याच्यात इंजिनची ताकद जास्त त्याचा.

सरकारने १९८१ मध्ये सागरी मासेमारीचा कायदा केला, २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं आणली, २०१७ मध्ये एलईडीच्या उजेडावरची मासेमारी बंद केली. कागदावर सगळं आहे. रात्री बंदरावरून समोर बघा, दिवाळी असते. गस्तीची बोट किती आणि किनारा किती?

पण पावसातली बंदी आम्ही पाळतो, आणि ती का पाळली जाते त्याचा विचार करा. एक तर दर्याच उभा राहू देत नाही. दुसरं म्हणजे जून-जुलैत कुणाची नौका बाहेर गेली तर सगळ्या बंदराला दिसतं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायच्या आत जो जाईल त्याच्याशी कोण बोलेल? त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ मध्ये नोबेल मिळालं ते याच गोष्टींच्या अभ्यासावर. सामाईक पाणी, सामाईक कुरण लोक स्वतःच नियम करून राखू शकतात. फक्त नियम त्यांचेच हवेत, बाहेरच्याला अडवता यायला हवं, आणि मोडणाऱ्याला पकडणारा त्यांच्यातलाच हवा. तुमच्या तिन्ही नावांत हे कुठेच बसत नाही.

बांगडाफ्राय

ताई, ही खरी गजाल.

ताडगोळा (गुहागर)

आमच्या तालुक्याचं नाव अजून निघालं नाही याचं आश्चर्य वाटतं. भरतीओहोटी म्हणतात, भांडवलशाहीत बुडालं तर मालक बुडतो. एन्‍रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पात कोण बुडालं?

१९९२ मध्ये बोलणी, पुढच्या वर्षी वीज मंडळाशी खरेदीचा करार. वीज घ्या किंवा न घ्या, प्रकल्पाच्या क्षमतेचे पैसे द्यायचेच. हिशेब डॉलरशी बांधलेला, राज्याची हमी, वर केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये नव्या सरकारने रद्द केला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून परत घेतला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली, तीही स्वतःच्या हिशेबातल्या लबाड्यांमुळे. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी मिळून तो प्रकल्प उभा करायला घेतला.

गिऱ्हाईक ठरलेलं, भाव ठरलेला, तोटा सरकारचा, याला बाजार कुठल्या तोंडाने म्हणायचं? उरलेला वाटा एकाकडे आणि तोटा दुसऱ्याकडे अशी फाळणी झाली की मालक खासगी असो वा सरकारी, काटकसर करायचं कारणच संपतं. सोव्हिएत जहाजावरचा अधिकारी आणि हमी घेऊन बसलेली कंपनी, दोघांचाही हिशेब आकडा भरण्यापुरता.

लाल_डबा

ताडगोळा, शंभर टक्के. पण मग दुसरंही उदाहरण लिहा की, आपल्या दारातलं. कोकण रेल्वे. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस, दोघेही समाजवादी. १९९० मध्ये महामंडळ काढलं: निम्म्याहून थोडं जास्त भांडवल रेल्वेचं, बाकी महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ यांचं, आणि उरलेल्या पैशासाठी बाजारात रोखे विकले. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू. कर्ज फेडायचं म्हणून डोकं चालवलं, तर १९९९ मध्ये भरलेले ट्रकच गाडीवर चढवून न्यायला लागले. मालकी सार्वजनिक होती, पण व्याजाचा हप्ता चुकला तर दिसणार होतं.

नुसती खासगी कंपनी त्या दऱ्या-बोगद्यांच्या नादी लागली नसती, आणि नेहमीच्या सरकारी खात्याने अजून पाहणी चालू ठेवली असती. हे शेवटचं वाक्य मीच लिहितोय, नोंद घ्या.

हिशेबनीस

नोंद घेतली. स्क्रीनशॉटही घेतला.

चाकरमानी_डोंबिवली

मूळ गाव राजापूर तालुका. सगळे मालकी असली की माणूस मेहनत करतो म्हणतात. आमच्या घराच्या आणि कलमांच्या सातबारावर पणजोबांच्या नावाखाली एवढी नावं चढलीत की उतारा दोन पानांवर जातो. काही बोरिवलीत, काही बडोद्यात, एक शाखा कुठे आहे तेच माहीत नाही. गावचा काका कलमांना खत घालत नाही, कारण आंबे लागले की मे महिन्यात सगळे गाडी करून येतात. घराचा पाखा बदलायचा तर सगळ्यांच्या सह्या. बँक कर्ज देत नाही. खासगी मालकीच आहे ना ही? कुणी कामाला हात लावत नाही, आणि दुसऱ्याने लावला तर हरकतीला मात्र सगळे हजर.

कुळाचा_नातू

हे दुखणं सगळ्या कोकणाचं. खातेफोड करून घ्या म्हणणं सोपं, तलाठ्यापासून मोजणीपर्यंत एका पिढीचं काम आहे ते.

सुरंगी (देवगड)

मालकी आणि मेहनत यांत मुदत येते, ती सगळे विसरताय. आमच्याकडची कल्टारची गोष्ट सांगते.

कल्टार हे आंब्याच्या झाडाला द्यायचं औषध; पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टात, बुंध्याभोवतीच्या मातीत देतात. झाडाची पालवी फुटणं आवरतं आणि मोहोर लवकर येतो. मोजून दिलं तर वाईट काही नाही. घेराप्रमाणे मात्रा दापोलीच्या विद्यापीठाने ठरवून दिलेली आहे. पण पुष्कळ बागा एका हंगामाच्या करारावर व्यापाऱ्याला दिलेल्या असतात. वाशीत लवकरच्या पेटीला सोन्याचा भाव. त्या व्यापाऱ्याला पुढच्या वर्षी ही बाग मिळेलच असं नाही. तो मात्रेच्या दुप्पट टाकतो, आंबा उतरवतो आणि जातो. मालक बघतो तर पुढच्या वर्षी फांद्यांचे शेंडे आखूड, मोहोर गुच्छासारखा गच्च, झाड नुसतं उभं. व्यापारी दुष्ट आहे का? त्याचा वाटा मेपर्यंतचा, तो मेपर्यंतचाच विचार करणार.

मग करार दहा वर्षांचा करा म्हणाल. तर इथे कुळाचा_नातू यांच्या आजोबांनी जिंकलेला कायदा आडवा येतो. जमीन लांब मुदतीने दुसऱ्याच्या हाती दिली तर कूळ लागेल, ही भीती इथे प्रत्येक घरात आहे. म्हणून कुणी जमीन देतच नाही, फक्त झाडावरचं फळ विकतो, तेही दरसाल. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेला कायदा, आणि त्याच्याच धाकाने आज कसणारा दर वर्षी बदलतो.

कुळाचा_नातू

याला उत्तर द्यायला दोनदा टंकलं आणि दोनदा पुसलं. मुद्दा खरा आहे, आणि तरी कायदा नसता तर मी आज इथे लिहायला नसतो, खोताच्या खळ्यावर भात झोडत असतो. दोन्ही एकदम खरं आहे. तुमच्या बागेचं मग काय करता?

सुरंगी

करार फळाचाच, पण बोली पाच हंगामांची, कागद मात्र दर वर्षी नवा. खतं आणि कल्टार आम्ही स्वतः देतो, त्याचा खर्च व्यापाऱ्याकडून वळता करतो; बुंध्याला व्यापाऱ्याच्या माणसाने हात लावायचा नाही. शिवाय अनामत घेतो, आणि ती आंबा उतरल्यावर लगेच परत देत नाही. पावसानंतरची पालवी बघून, बागेत दोघांनी एकत्र फिरून मग देतो. पहिल्या वर्षी दोन व्यापारी या अटी ऐकून निघून गेले, तिसरा थांबला. भाव त्याने थोडा कमी दिला.

चाकरमानी_डोंबिवली

त्या कागदाचा मसुदा इथे टाकता येईल का? नावं झाकून. काकांना पाठवतो.

सुरंगी

टाकते. पण तुमच्याकडे सह्या कोण करणार ते आधी ठरवा.